दाराच्या पोटातले कुलूप : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात सेफ्टी डोअरच्या कुलपांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच प्रकारच्या कुलपाकडे आहे, ते म्हणजे दाराच्या कडेत खाच पाडून आत बसवलेले, लिव्हरचे (म्हणजे चावीने उचलल्या जाणाऱ्या पातळ धातूच्या पट्ट्यांचे) मॉर्टिस कुलूप. त्यामुळे या वेळचे सदर त्याच कुलपासाठी ठेवले आहे. पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. आपल्या घराला कोणते कुलूप आहे हे नावानिशी छापून येणे कोणाच्याच हिताचे नाही.

प्रश्न (पुणे) : आमच्या फ्लॅटला बाहेरून लोखंडी सेफ्टी डोअर आहे. त्याचे कुलूप "सिक्स लिव्हर मॉर्टिस" असल्याचे बसवणाऱ्या सुताराने सांगितले होते. कुलूप न उघडता ते खरोखर लिव्हरचे आहे का आणि लिव्हर सहाच आहेत का, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

उत्तर : आधी एक गैरसमज दूर करू. मॉर्टिस हा शब्द कुलूप कुठे बसवले आहे एवढेच सांगतो, त्याच्या आत कोणती यंत्रणा आहे ते सांगत नाही. दाराच्या जाडीत खाच पाडून जे बसते ते मॉर्टिस. त्याच्या पोटात लिव्हर असू शकतात किंवा पिनांचे सिलिंडर असू शकते, आणि बाजारात दोन्ही कुलपे "मॉर्टिस" याच नावाने विकली जातात. म्हणून ओळख पटवताना दाराऐवजी चावीपासून सुरुवात करावी.

चावी चपटी असेल, तिच्या कडेला करवतीसारखे दाते किंवा सपाट अंगावर खळगे असतील आणि ती दारावर दिसणाऱ्या गोल अथवा पेराच्या आकाराच्या धातूच्या तोंडात जात असेल, तर कुलूप सिलिंडरचे आहे. चावीचा दांडा गोल असेल, टोकाला झेंड्यासारखे पान असेल, त्या पानाची कड पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली असेल आणि दारावर नुसतेच चावीच्या आकाराचे भोक दिसत असेल, तर ते बहुधा लिव्हरचे आहे. "बहुधा" म्हणण्याचे कारण असे की जुन्या कपाटांना आणि आतल्या खोल्यांच्या दारांना असणारी अडथळ्यांची कुलपेही अशाच भोकाची असतात. त्यांच्या चावीच्या पानावर पायऱ्यांऐवजी पानाच्या अंगात शिरणाऱ्या आडव्या-उभ्या फटी कापलेल्या असतात. कुलपाच्या आतले ठरावीक अडथळे त्या फटींतून निसटून जातात, एवढेच त्या कुलपाचे संरक्षण. तसली चावी मुख्य दाराची असेल, तर कुलूप याच महिन्यात बदलावे.

आता संख्येचा प्रश्न. पानाच्या कडेवरील पायऱ्या मोजाव्यात. त्यांपैकी एक, काही चाव्यांत दोन, पायऱ्या बोल्ट (चौकटीत शिरणारा धातूचा ठोकळा) ओढण्यासाठी असतात आणि उरलेली प्रत्येक पायरी एकेक लिव्हर उचलते. मोजताना आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी. चावी टोकाकडून दांड्याकडे वाचा आणि मग दांड्याकडून टोकाकडे वाचा. दारात आतून आणि बाहेरून एकच चावी चालावी म्हणून अनेक कुलपांत या पायऱ्या "नवजीवन" या शब्दासारख्या, उलटसुलट सारख्याच असतात. बाहेरून घातलेल्या चावीचे टोक ज्या बाजूला असते, त्याच्या विरुद्ध बाजूला आतून घातलेल्या चावीचे टोक येते, म्हणून ही सममिती लागते. सोयीसाठी मोजलेली ही किंमत आहे. समजा, पाच लिव्हर आहेत आणि प्रत्येकाला सहा उंची शक्य आहेत. प्रत्येक लिव्हरची उंची स्वतंत्र असेल तर ७,७७६ वेगवेगळ्या चाव्या होतात. पहिली आणि पाचवी, दुसरी आणि चौथी पायरी सारखीच ठेवायची असेल तर स्वतंत्र उंची तीनच उरतात आणि चाव्या होतात फक्त २१६. म्हणून लिव्हरांचा आकडा ऐकून निश्चिंत होऊ नये.

चावी मोजूनही पूर्ण खात्री होत नाही, हे मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असेच एक कुलूप दुरुस्तीला आले होते. वर्तमानपत्रावर ठेवून त्याचे झाकण काढले, तेव्हा चावीवर सहा लिव्हरांच्या पायऱ्या असूनही आत पितळी पट्ट्या चारच निघाल्या. उरलेल्या दोघांच्या जागी दोन पातळ वॉशर घातलेले होते. कधीतरी एखादी डुप्लिकेट चावी नीट लागत नव्हती, तेव्हा ती घासून बसती करण्याऐवजी कोणीतरी अडणारे लिव्हरच काढून टाकले होते. मालकांना बिचाऱ्यांना याची कल्पनाही नव्हती, कारण त्यानंतर चावी पूर्वीपेक्षा हलकी फिरू लागली होती आणि त्यांना ती दुरुस्ती उत्तम झाल्याची खूण वाटली होती. म्हणून सांगतो, लिव्हरचे कुलूप दुरुस्तीला दिले तर ते आपल्यासमोर उघडायला सांगावे आणि बंद करण्यापूर्वी आतल्या पट्ट्या स्वतः मोजाव्यात. आपले कुलूप कधी दुरुस्तीला गेले असेल, तर एकदा विश्वासू कारागिराकडून झाकण काढून बघावे.

प्रश्न (नाशिक) : मी यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेचा विद्यार्थी आहे. लिव्हरचे कुलूप चावीशिवाय कसे उघडते, हे मला यंत्रणा म्हणून समजून घ्यायचे आहे. आमच्या घरी असे विचारणेसुद्धा गैर मानले जाते. हे ज्ञान उघडपणे देणे चुकीचे आहे का?

उत्तर : चुकीचे नाही, आणि हा वाद फार जुना आहे. त्याकडे येण्यापूर्वी यंत्रणा पाहू.

बोल्टवर एक पक्की खुंटी बसवलेली असते. लिव्हर म्हणजे एकावर एक रचलेल्या पातळ, बहुधा पितळी पट्ट्या. त्या एका टोकाला एकाच खिळ्याभोवती वरखाली फिरतात आणि प्रत्येकीला एक बारीक स्प्रिंग खाली दाबून ठेवते. प्रत्येक पट्टीत एक खिडकी कापलेली असते. तिचे दोन कप्पे असतात आणि त्यांना जोडणारी एक अरुंद खाच असते. कुलूप बंद असताना खुंटी एका कप्प्यात असते आणि उघडे असताना दुसऱ्या कप्प्यात. चावी फिरली की तिच्या पायऱ्या प्रत्येक पट्टीला आपापल्या उंचीपर्यंत उचलतात, सगळ्या खाचा एका रेषेत येतात आणि खुंटी त्यांतून पलीकडे सरकते. पट्टी कमी उचलली गेली तरी खुंटी अडते आणि जास्त उचलली गेली तरी अडते. हे दुसरे बंधन महत्त्वाचे आहे. नुसते "पुरेसे वर उचल" असे सांगणारी कुलपे त्याआधीही होती. "नेमके एवढेच उचल" असे सांगणाऱ्या लिव्हर कुलपाचे पेटंट इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ मध्ये घेतले.

आता चावीशिवाय उघडण्याचे तत्त्व. कागदावरच्या आकृतीत खुंटी सगळ्या लिव्हरांना एकाच क्षणी टेकते. धातूच्या कुलपात तसे कधीच होत नाही, कारण कोणताही कारखाना पाच पट्ट्या केसाचाही फरक न ठेवता बनवू शकत नाही. त्यामुळे बोल्टवर उघडण्याच्या दिशेने हलका दाब दिला की खुंटी आधी एकाच पट्टीवर रेलते. ती पट्टी हाताला जड लागते, बाकीच्या स्प्रिंगवर सैल खेळत राहतात. जड पट्टी खाचेपर्यंत उचलली गेली की बोल्ट जेमतेम जाणवेल इतका पुढे सरकतो आणि खुंटीचा भार दुसऱ्या पट्टीवर येतो. असा एकेका पट्टीचा निकाल लावत जाणे, हेच सारे तंत्र आहे. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात डोळ्यांची करामत वाटते, पण प्रत्यक्षात ते बोटांचे आणि संयमाचे काम आहे. घडणीतला फरक जितका ढोबळ, तितके कुलूप उघडणे सोपे. म्हणून सहा ढिल्या लिव्हरांपेक्षा पाच काटेकोर लिव्हर केव्हाही चांगले.

कुलूप बनवणाऱ्यांनी यावर दिलेली उत्तरे मला तंत्राइतकीच सुंदर वाटतात. इंग्लंडमधील पोर्ट्समथच्या गोदीत १८१७ मध्ये बनावट चाव्यांनी चोरी झाली आणि सरकारने अस्सल चावीशिवाय न उघडणाऱ्या कुलपासाठी बक्षीस लावले. जेरेमाया चब यांनी १८१८ मध्ये जे कुलूप पुढे आणले, त्यात एखादा लिव्हर गरजेपेक्षा जास्त उचलला गेला की एक खटका पडून सगळे कुलूप गोठत असे. त्यानंतर मालकाने स्वतःची चावी लावली तरी ते चटकन उघडत नसे, आणि त्यावरूनच कोणीतरी हात घातल्याचे मालकाला कळे. कुलूप अडवते तेवढेच पुरेसे नाही, त्याने साक्षही द्यावी, ही कल्पना तिथून आली.

पुढे १८५१ मध्ये लंडनला मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा अमेरिकेहून आलेले आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज यांनी हेच साक्षी कुलूप वेस्टमिन्स्टरमधील एका घराच्या तिजोरीखान्याच्या दारावर, साक्षीदारांसमोर, सुमारे २५ मिनिटांत उघडले आणि पुन्हा बंदही करून दाखवले. ब्रामा या लंडनच्या कुलूप बनवणाऱ्या कंपनीच्या दुकानाच्या खिडकीत कित्येक वर्षे २०० गिनींच्या आव्हानासह मांडलेले कुलूपही त्यांनी त्याच वर्षी उघडले. ते लिव्हरचे नव्हते आणि त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. लंडनमध्ये या प्रकाराने मोठी खळबळ माजली. असे उघडपणे दाखवणे म्हणजे चोरांना शिकवणे आहे, असा आक्षेप आला. त्यावर हॉब्ज यांच्या बाजूने दिलेले उत्तर असे, की चोर आपल्या धंद्यात तरबेज असतात आणि आपण शिकवण्यापूर्वीच त्यांना बरेच ठाऊक असते. कुलपातील उणीव लपवल्याने अंधारात राहतो तो ते कुलूप विकत घेणारा प्रामाणिक माणूस. मला हे म्हणणे पूर्णपणे पटते. उघडणाऱ्याला फसवण्यासाठी खोट्या खाचाही कापल्या जाऊ लागल्या. लिव्हरच्या कडेला आणि खुंटीलाही बारीक दाते पाडले, की दाब दिलेल्या अवस्थेत खुंटी खऱ्या खाचेऐवजी त्या दात्यात अडकते आणि उघडणाऱ्याला खोटा आनंद देते. स्वतः हॉब्ज यांनी खुंटीच हलती केली, म्हणजे दाब लिव्हरांवर पोचण्याआधीच दुसरीकडे वळतो. भोकामागे फिरणारा पडदा बसवला, की दोन हत्यारे एकाच वेळी आत शिरवणे कठीण होते. तुम्ही अभ्यास करणार असाल तर एखादे जुने लिव्हर कुलूप विकत घ्या, त्याचे झाकण काढा, दोनच लिव्हर ठेवून सुरुवात करा आणि प्रत्येक बदल डोळ्यांनी पाहा. बंद पेटीवर महिनाभर झगडून जे समजणार नाही ते उघड्या पेटीत एका दुपारी समजते.

घरच्यांच्या काळजीतही तथ्य आहे, तेही सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत, आणि त्याआधीच्या दंड संहितेतही, गृह-अतिक्रमणासाठी कोणतेही कुलूप उघडून आत शिरणे ही घरफोडीच आहे, मग कुलपाला ओरखडाही आलेला नसो. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या काळात घरफोडीचे साधन सबळ कारणाशिवाय जवळ सापडले, तर तोही गुन्हा ठरू शकतो. तेव्हा कुलूप स्वतःचे असावे, दारातून काढून टेबलावर ठेवलेले असावे आणि हत्यारे घरातच राहावीत. शेजाऱ्यांच्या दारावर, हॉस्टेलच्या खोलीवर किंवा मित्राने गमतीने पैज लावली म्हणून कुठेही हात चालवू नये.

प्रश्न (ठाणे) : वरीलप्रमाणे कुलपे उघडता येत असतील, तर जास्त लिव्हरचे महागडे कुलूप घेण्यात अर्थ काय?

उत्तर : अर्थ आहे, पण पैसे योग्य जागी खर्च झाले तर. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतील घरफोडीच्या बातम्या वाचल्या, तर एकच वाक्य पुन्हा पुन्हा भेटते : "बंद घराच्या दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी आत प्रवेश केला." उचकटून, म्हणजे कटावणीने. लिव्हर एकेक करून उचलत बसायला जिन्यात लागणारा निवांतपणा चोराजवळ क्वचितच असतो. म्हणून दार पाहताना आधी बोल्ट चौकटीत किती खोल जातो ते बघा, मग चौकटीवरची, बोल्ट जिच्यात शिरतो ती, पट्टी कशात बसवली आहे ते बघा. अर्ध्या इंचाच्या स्क्रूने सागवानी चौकटीच्या नुसत्या कडेवर बसवलेली पट्टी एका धक्क्यात निघते, मग आतले लिव्हर पाच असोत की दहा. ती पट्टी पेटीसारखी, बोल्टचे टोक चारही बाजूंनी झाकणारी असावी आणि तिचे लांब स्क्रू चौकट ओलांडून भिंतीपर्यंत पोचावेत. सेफ्टी डोअरला जाळीची नक्षी असेल तर जाळीतून हात घालून आतली चावी किंवा कडी फिरवता येते का, हे स्वतः बाहेर उभे राहून करून पाहावे. आतून कुलूप लावून चावी भोकातच ठेवण्याची सवय अशा दारांना सर्वांत घातक असते.

प्रश्न (रेडिंग, इंग्लंड) : आम्ही येथे घर घेतले आहे. घराच्या विम्याच्या अर्जात मुख्य दाराला "बीएस ३६२१ प्रमाणित, पाच लिव्हरचे मॉर्टिस डेडलॉक" आहे का, असे विचारले आहे. दाराच्या कडेला "५ लिव्हर" असे कोरलेले दिसते. "होय" लिहावे का?

उत्तर : तेवढ्यावरून "होय" लिहू नये. नुसते "५ लिव्हर" कोरलेले असणे आणि कुलूप बीएस ३६२१ या ब्रिटिश मानकाला उतरलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चोरी झाल्यावर विमा कंपनी नेमका हाच फरक दाखवते. दार उघडून त्याच्या कडेवरची धातूची पट्टी नीट वाचावी. प्रमाणित कुलपावर मानकाचा क्रमांक, बहुधा त्यापुढे वर्ष, आणि पतंगाच्या आकाराची काइटमार्कची खूण कोरलेली असते. ही खूण नसेल तर कुलूप कितीही भक्कम दिसत असले, तरी अर्जात तसे लिहिता येणार नाही. या मानकात लिव्हर मोजण्यापेक्षा कुलूप काय सोसते याला महत्त्व आहे. चाव्यांचे किमान १,००० वेगवेगळे प्रकार असावेत, बोल्ट २० मिलिमीटर बाहेर यावा, ड्रिल चालू नये म्हणून आत कठीण पोलादाची पाटी असावी, अशा त्याच्या अटी आहेत. पिनांच्या सिलिंडरची कुलपेही याच मानकाला उतरू शकतात. "डेडलॉक" म्हणजे फक्त चावीने फिरणारा बोल्ट. हँडलने उघडणारी तिरकी जीभही त्याच पेटीत असेल, तर त्याला तिथे "सॅशलॉक" म्हणतात. बदलण्याची वेळ आली तर जुनी पेटी दारात किती खोल शिरली आहे ते मोजून घ्यावे. तिथे अडीच इंची आणि तीन इंची, म्हणजे ६४ आणि ७६ मिलिमीटरच्या, पेट्या सर्वत्र मिळतात, आणि बरोबर मापाची आणली तर सुतारकाम जवळजवळ लागत नाही.

एक गोष्ट मात्र विम्याहून महत्त्वाची आहे. बीएस ३६२१ चे कुलूप आतूनही चावीनेच उघडते. रात्री आग लागली आणि चावी हाताशी नसली, तर तेच कुलूप घरच्यांना कोंडून ठेवील. तुमचे घर इमारतीतील फ्लॅट असेल, तर आतून चावीशिवाय उघडणाऱ्या कुलपांचे बीएस ८६२१ हे जुळे मानक आहे. विमा कंपनीला ते चालेल का, असे लेखी विचारून तेच बसवावे, असे मला वाटते.

प्रश्न (मडगाव) : आमच्या नव्या पोलादी सुरक्षा दाराच्या चावीला दोन्ही बाजूंना पाने आहेत आणि ती तीन फेरे फिरते. हा लिव्हरचाच प्रकार आहे का? तो अधिक सुरक्षित असतो का?

उत्तर : होय, हे लिव्हरचेच कुलूप आहे. अशी दुपानी चावी तिजोऱ्यांना पूर्वीपासून असते, आणि इटलीतील पोलादी दारांवर व पुढे तशा धाटणीच्या अनेक दारांवर ती आली. एकेका फेऱ्यात बोल्ट एकेक टप्पा बाहेर येतो आणि सळ्या वर, खाली व बाजूला सरकवून दार चहूबाजूंनी चौकटीत अडकते. उचकटण्याविरुद्ध ही रचना फार चांगली आहे. यंत्रणेच्या बाबतीत मात्र इटलीतील अनुभव सावध करणारा आहे. तिथे चोरांनी अशा कुलपांसाठी एक खास हत्यार वापरात आणले, जे कुलपात फिरवता फिरवता आतील उंची स्वतःच पकडते आणि चावीचा आकार घेते. लोकांनी त्याला "बल्गेरियन चावी" असे नाव दिले. दाराला ओरखडाही न येता घरे उघडली जाऊ लागली आणि त्यामुळे तेथील असंख्य घरमालकांनी दार तेच ठेवून आतली लिव्हरची पेटी काढली व तिथे चांगल्या प्रतीच्या सिलिंडरची पेटी बसवली. तुमच्या दाराच्या कंपनीला दोन प्रश्न विचारा. लिव्हरांना खोट्या खाचा आहेत का, आणि त्याच मापाची सिलिंडरची पेटी मिळते का? पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही, तर दुसऱ्याकडे वळावे. सिलिंडर बसवताना बाहेरून त्यावर पोलादी कवच असलेच पाहिजे, नाहीतर पक्कडीने सिलिंडर मोडता येते आणि एक उणीव काढून दुसरी घरात आणल्यासारखे होते.

प्रश्न (रत्नागिरी) : दर पावसाळ्यात आमच्या मुख्य दाराचे लिव्हर कुलूप अडते. खोबरेल तेल घातले की चार दिवस चालते, मग पुन्हा तेच. कायमचा उपाय काय?

उत्तर : तेल ताबडतोब बंद करावे. खोबरेल असो की मशीनचे, ते धूळ धरून ठेवते. पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि स्प्रिंगला त्या खाली आणता येत नाहीत.

पण आधी दोष कुलपात आहे की दारात, हे ठरवा. दार पूर्ण उघडे ठेवून चावी फिरवा. उघड्या दारात चावी हलकी फिरते आणि दार लावल्यावर अडते, तर कुलूप निर्दोष आहे. लाकूड फुगले आहे किंवा बिजागरी खाली बसली आहे आणि बोल्ट चौकटीच्या पट्टीला घासतो आहे. बोल्टच्या टोकाला थोडे ओले कुंकू लावून दार लोटा आणि चावी शक्य तेवढी फिरवा. पट्टीवर जिथे लाल डाग पडेल तिथेच कानस चालवायची आहे. बहुतेक कोकणी घरांत दुखणे याच ठिकाणी निघते.

उघड्या दारातही चावी अडत असेल, तर खाऱ्या हवेने आतल्या स्प्रिंग गंजल्या आहेत. पेटी बाहेर काढून, रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून, ग्रेफाइटची भुकटी फुंकावी. भुकटी मिळाली नाही तर मऊ शिशाची पेन्सिल चावीच्या पानावर घासून ती वीस-पंचवीस वेळा फिरवावी. तुटलेल्या स्प्रिंग बदलूनच घ्याव्यात. स्प्रिंग हा लिव्हर कुलपाचा सर्वांत नाजूक भाग आहे, ही तक्रार नवी नाही. मुंबईत लालबागला १८९७ मध्ये कुलपे बनवण्यास सुरुवात करणाऱ्या अर्देशिर गोदरेज यांनी पुढे स्प्रिंग नसलेले लिव्हर कुलूप तयार केले, ते याच दुखण्यावरचा उपाय म्हणून. नवे कुलूप घ्यायची वेळ आली, तर किनाऱ्यावरच्या घरासाठी पितळी लिव्हर आणि न गंजणाऱ्या पोलादाची दर्शनी पट्टी मागून घ्यावी.

प्रश्न (कोल्हापूर) : लिव्हर कुलपाच्या तीन चाव्यांपैकी एक हरवली. मुलगा बंगळूरला असतो. चावीचा फोटो मोबाइलवर पाठवला तर तिथे डुप्लिकेट करून घेईन, असे तो म्हणतो. पाठवू का?

उत्तर : पाठवू नका. फोटोवरून चावी बनवता येते, म्हणूनच तर मुलगा तो मागतो आहे, आणि जे त्याला जमते ते त्या फोटोपर्यंत पोचणाऱ्या दुसऱ्या कोणालाही जमते. लिव्हरच्या चावीत तर सगळे रहस्य पानाच्या एका कडेवर उघडे असते. त्या पायऱ्यांची उंची मोजायला एक स्पष्ट फोटो पुरतो. याच कारणाने गृहप्रवेशाच्या दिवशी हातात चावी धरून काढलेले फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत, आणि चावी दाराशेजारच्या खिळ्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी टांगू नये. मुलगा घरी येईल तेव्हा अस्सल चावीवरून, त्याच्यासमोर डुप्लिकेट करून घ्या. डुप्लिकेटवरून डुप्लिकेट करू नका, कारण प्रत्येक नकलेत थोडी चूक वाढत जाते आणि शेवटी लिव्हर काढून टाकणारा कारागीर भेटतो.

चावी कुठे हरवली ते आठवत नसेल, किंवा ती घराच्या पत्त्यासह पिशवीत होती, तर कुलूप तसेच ठेवू नका. लिव्हर कुलपाची एक सोय अशी की संपूर्ण पेटी न बदलता जाणकार कारागीर आतल्या लिव्हरांचा संच बदलून नव्या चाव्या देऊ शकतो. काही कंपन्या असा संच पुरवतात, तेव्हा आधी तिथे चौकशी करावी. संच मिळत नसेल तर पेटीच बदलावी. दोन्ही वेळा नव्या चाव्या हातात पडल्यावर प्रत्येक चावी आतून आणि बाहेरून, दार उघडे ठेवून, पाच-सहा वेळा फिरवून पाहावी आणि मगच ते दार पहिल्यांदा लावावे.